ड्रिल फाईल आणि गर्बर जुळत नाहीत, होल पॅडवर बसत नाहीत: काय काय तपासायचं

फॅबकडून (म्हणजे आपला सर्किट बोर्ड, पीसीबी, बनवून देणाऱ्या कारखान्याकडून) मेल येतो, 'ड्रिल डेटा नॉट मॅचिंग विथ गर्बर, प्लीज चेक अँड रिसेंड', आणि इकडे कीकॅडमध्ये (बोर्ड डिझाईन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बोर्ड उघडून बघावं तर प्रत्येक होल पॅडच्या (पार्टचा पाय सोल्डर करायच्या कॉपरच्या ठिपक्याच्या) बरोब्बर मधोमध, डीआरसीत (सॉफ्टवेअरच्या नियम-तपासणीत) एकही एरर नाही, मग साहजिकच वाटतं की फॅबवाल्याचंच काहीतरी चुकतंय आणि दोन-तीन दिवस नुसते मेलामेलीत जातात. फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्या मुलांपासून ते भोसरी-चाकणकडे छोटे कंट्रोलर बनवणाऱ्या लोकांपर्यंत सगळ्यांना हे कधी ना कधी भोगावं लागतंच, आणि दर वेळी तीच तीच चार-पाच कारणं निघतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. डिझाईन सहसा ठीकच असतं हो, गडबड होते ती एक्स्पोर्ट करताना. आणि चांगली गोष्ट म्हणजे होल कसे चुकलेत हे नीट बघितलं ना, की कारण काय असेल ते जवळजवळ तिथेच कळतं.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की तुमच्या स्क्रीनवर जे दिसतंय ते फॅबला दिसतच नाही. त्याच्याकडे जाते एक झिप, त्यात कॉपर, मास्क (वरचं रंगीत आवरण), सिल्क (छापील अक्षरं), आऊटलाईन (बोर्डाची कड) या सगळ्या लेअरची चित्रं असलेल्या गर्बर फाईली आणि होलसाठी वेगळी ड्रिल फाईल, जी बहुतेक वेळा एक्सेलॉन फॉरमॅटमध्ये असते. ही दोन वेगळी फॉरमॅट आहेत, कारण मुळात ती दोन वेगळ्या मशीनसाठी जन्माला आली. गर्बर म्हणजे फिल्मवर प्रकाशाने चित्र काढणाऱ्या फोटोप्लॉटरची, एक्सेलॉन म्हणजे त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीच्या ड्रिल मशीनची. आज गर्बरचं स्पेसिफिकेशन बेल्जियमची युकॅमको सांभाळते, २०१४ मध्ये त्यांनी जुनं आरएस-२७४-डी अधिकृतपणे बाद केलं आणि एक्स२ आणलं, त्यामुळे गर्बरची बाजू आता बऱ्यापैकी स्वच्छ झालीय, युनिट, फॉरमॅट, कुठली लेअर कुठली हे सगळं फाईलमध्येच लिहिलेलं असतं. एक्सेलॉनचं तसं नाही. तिथे अजूनही अर्ध्या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि आपल्या निम्म्या कटकटी तिथूनच येतात.

म्हणून पहिली स्टेप: जी झिप फॅबला पाठवलीय तीच झिप (प्रोजेक्टमधलं फोल्डर नाही, पाठवलेल्या मेलमधली झिप) डाऊनलोड करा, रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा आणि व्ह्यूअरमध्ये टाका. कीकॅडबरोबर गर्बव्ह्यू येतंच, नाहीतर गर्बव्ही आहे, फुकट आहे, आणि युकॅमकोचा ऑनलाईन रेफरन्स व्ह्यूअर पण आहे. सगळ्या लेअर बंद करा, फक्त वरचं कॉपर आणि ड्रिल चालू ठेवा. आता बघा होल कुठे गेलेत.

सगळे होल एकत्रच सरकलेत, नक्षी मात्र तशीच

होलची आपापसातली मांडणी बरोबर आहे, साईजही बरोबर आहे, फक्त पूर्ण झुपका बाजूला जाऊन बसलाय, असं दिसलं तर ओरिजिन (सगळे आकडे जिथून मोजतात तो शून्य-बिंदू) वेगळा पडलाय. हे सगळ्यात जास्त होतं आणि सगळ्यात सोपंही आहे.

कीकॅडमध्ये प्लॉटच्या डायलॉगमध्ये 'यूज ड्रिल/प्लेस फाईल ओरिजिन' अशी एक टिक आहे, आणि ड्रिल फाईल बनवायच्या डायलॉगमध्ये वेगळा पर्याय आहे, 'ॲब्सोल्यूट' की 'ड्रिल/प्लेस फाईल ओरिजिन'. जुन्या व्हर्जनमध्ये यालाच ऑक्झिलरी ॲक्सिस म्हणायचे. हे दोन डायलॉग एकमेकांना विचारत नाहीत. एकात टिक आहे, दुसऱ्यात ॲब्सोल्यूट आहे, झालं, फाईली जुळणार नाहीत. समजा बोर्डाचा खालचा डावा कोपरा पानावर १०० मिमी, ८० मिमीवर आहे आणि ओरिजिन तिथेच ठेवलाय. गर्बर टिक न करता काढली तर तिच्यात तो कोपरा एक्स १००, वाय उणे ८० वर येणार, आणि ड्रिल ओरिजिन धरून काढली तर तोच कोपरा शून्य-शून्यवर. म्हणजे होल बरोब्बर १०० मिमी डावीकडे आणि ८० मिमी वर जाऊन बसले. व्ह्यूअरमध्ये मेजर टूलने हे अंतर मोजा, ओरिजिनच्या आकड्यांशी जुळलं की शंकाच नको. (वाय उणे बघून घाबरू नका, कीकॅडच्या पानावर वाय खाली वाढतो आणि गर्बरमध्ये वर, त्यामुळे उणे येणारच, त्यात काही चुकीचं नाही.)

उपाय म्हणजे दोन्हीकडे एकच काहीतरी ठेवा. दोन्ही ॲब्सोल्यूट ठेवले तरी चालतं. मला स्वतःला ओरिजिन बोर्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवून दोन्हीकडे तोच वापरणं जास्त बरं वाटतं, कारण आकडे छोटे आणि धन येतात, ड्रिल फाईल नुसती वाचूनही होल कुठे आहे ते कळतं. फक्त मग तिसरी जागा विसरू नका, असेंब्लीसाठी जी पोझिशन फाईल काढता तिच्या डायलॉगमध्येही हीच टिक आहे, तिथे राहून गेलं तर बोर्ड बरोबर येतील पण पिक अँड प्लेसवाला (मशीनने पार्ट बसवणारा) फोन करेल.

अल्टियम या दुसऱ्या डिझाईन सॉफ्टवेअरमध्येही हेच, गर्बर सेटअपमध्ये आणि एनसी ड्रिल सेटअपमध्ये दोन्हीकडे 'रेफरन्स टू ॲब्सोल्यूट ओरिजिन' किंवा 'रिलेटिव्ह ओरिजिन' वेगवेगळं विचारतात. ईझीईडीएवाल्यांना हा त्रास सहसा होत नाही, तिथे गर्बर आणि ड्रिल एकाच झिपमध्ये एकदमच निघतात.

आता एक कळकळीने सांगतो. बऱ्याच छोट्या फॅबमधला कॅम ऑपरेटर (आलेल्या फाईली मशीनसाठी तयार करणारा) हे बघतो आणि तुम्हाला न विचारता ड्रिल उचलून पॅडवर बसवून देतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, ऑर्डर अडकू नये म्हणून करतो बिचारा. पण बोर्डावर २.५४ मिमी पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) लांबलचक हेडरच्या, म्हणजे पिनांच्या पट्ट्यांच्या, रांगा असतील तर एक पिन बाजूला बसवलं तरी जवळजवळ सगळं जुळल्यासारखं दिसतं, टोकाचा एक पॅड मोकळा राहतो आणि दुसऱ्या टोकाला एक होल नुसत्या एफआरफोरमध्ये (बोर्डाच्या फायबरग्लासमध्ये), आणि झूम करून बघितलं नाही तर ते नजरेतून सुटतं. म्हणून 'तुम्हीच ॲडजस्ट करून घ्या' असं फोनवर कधीही सांगू नका. फाईल परत काढा, नवीन झिप पाठवा.

होल मैलभर पसरलेत, किंवा सगळे एका कोपऱ्यात गोळा झालेत

हे दिसायला सगळ्यात भयानक आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण नेमकं काय होतंय हे समजून न घेता लोक सेटिंग उलटसुलट करत बसतात.

दोन गोष्टी असू शकतात, युनिट किंवा शून्यं. आधी युनिट. बोर्डावरचा कुठलाही साधा हेडर पकडा ज्याचा पिच २.५४ मिमी आहे हे माहितीये, आणि व्ह्यूअरमध्ये ड्रिल लेअरवर त्याच्या दोन शेजारच्या होलमधलं अंतर मोजा. २.५४ आलं तर ठीक. ०.१ आलं किंवा ६४.५ आलं तर इंच आणि मिमीची अदलाबदल आहे, २५.४ चा फरक. ०.२५४ किंवा २५.४ आलं तर दहाचा फरक, म्हणजे दशांश चिन्हानंतर किती आकडे आहेत यात घोळ आहे. एक फाईल म्हणते ३:३ (तीन आकडे पूर्णांक, तीन अपूर्णांक), वाचणारा धरतो ३:२. अल्टियममध्ये गर्बर एका फॉरमॅटला आणि एनसी ड्रिल दुसऱ्याला ठेवून पाठवणारे खूप आहेत, दोन्हीकडे एकच ठेवा, २:५ असेल तर २:५. टूलचे साईजही बघा, ०.३ मिमीचा व्हाया (दोन लेअर जोडणारा छोटा होल) जर इंच समजून वाचला तर तो ७.६२ मिमीचा होतो, असा राक्षसी होल दिसला की युनिटच उलटलंय.

आणि अंतर असं कुठल्याच एका गुणोत्तरात बसत नसेल, काही होल जवळ, काही कुठल्या कुठे, तर शून्यांचा घोळ आहे. हा असा होतो. जुन्या पद्धतीत एक्सेलॉन फाईलमध्ये दशांश चिन्ह लिहीतच नाहीत. इंच, २:४ फॉरमॅट म्हणजे सहा आकडे, पहिले दोन पूर्णांक, पुढचे चार अपूर्णांक. १.५ इंचावरचा होल लिहायचा ०१५०००, आणि ०.९५ इंचावरचा ००९५००. फाईल छोटी व्हावी म्हणून एका बाजूची शून्यं गाळतात. पुढची गाळली तर हे होतात १५००० आणि ९५००. मागची गाळली तर ०१५ आणि ००९५. दोन्ही बरोबर आहेत, फक्त वाचणाऱ्याला कुठली गाळलीत हे माहीत पाहिजे.

आता फाईलमध्ये पुढची गाळलीत आणि फॅबच्या सॉफ्टवेअरने धरलं की मागची गाळलीत. तो १५००० च्या मागे एक शून्य लावून सहा आकडे पुरे करतो, १५००००, म्हणजे १५ इंच. आणि ९५०० च्या मागे दोन शून्यं, ९५००००, म्हणजे ९५ इंच. बघा, ०.९५ वाला होल १.५ वाल्याच्या कितीतरी पुढे निघून गेला. म्हणून ते होल असे उधळल्यासारखे दिसतात, नुसता मोठा झालेला बोर्ड दिसत नाही. उलट्या बाजूने चूक झाली तर ०१५ म्हणजे ०.००१५ इंच आणि ००९५ म्हणजे ०.००९५ इंच, सगळे होल शून्याजवळ एका ठिपक्यात गोळा. तुम्हाला यातलं कुठलं चित्र दिसतंय त्यावरून कुणी काय धरलं ते लगेच कळतं.

त्यात भर म्हणजे दोन फॉरमॅटची बोली उलटी आहे. गर्बर फाईलच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीच्या ओळींत) '%एफएसएलएएक्स४६वाय४६*%' अशी ओळ असते, त्यातला एल सांगतो की पुढची शून्यं गाळलीत. एक्सेलॉनच्या हेडरमध्ये 'इंच,एलझेड' असेल तर ती एलझेड सांगते की पुढची शून्यं ठेवलीत, म्हणजे गाळली मागची. टीझेड असेल तर मागची ठेवलीत आणि पुढची गाळलीत. एक जण काय टाकलं ते सांगतो, दुसरा काय राखलं ते. चांगले अनुभवी लोकही इथे गोंधळतात, आणि फॅबला मेलमध्ये नुसतं 'लीडिंग झिरो' लिहिलं तर तो त्याच्या पद्धतीने अर्थ घेतो. लिहायचंच असेल तर पूर्ण लिहा, कुठली गाळलीत, किती पूर्णांक, किती अपूर्णांक, कुठलं युनिट, आणि एक उदाहरण द्या की अमुक होलचा आकडा फाईलमध्ये असा आहे आणि तो खरा अमुक मिमीवर आहे. या एका उदाहरणाने सगळा वाद मिटतो.

खरा उपाय मात्र वेगळाच आहे, ही शून्यं गाळायची भानगडच नको. कीकॅडमध्ये ड्रिल डायलॉगमध्ये मिलिमीटर आणि 'डेसिमल फॉरमॅट' ठेवा. मग फाईलमध्ये सरळ दशांश चिन्हासकट आकडा येतो, एक्स११२.५वाय-९१.२५ असा, वाचणाऱ्याला अंदाज करायला जागाच उरत नाही. एखादा फॅब म्हणालाच की आमचं जुनं सॉफ्टवेअर दशांश चिन्ह घेत नाही, तर 'कीप झिरोज' वापरा, सगळे आकडे पूर्ण लिहिलेले असतात, मग निदान शून्यांची बाजू तरी वादात राहत नाही. 'मिनिमल हेडर'ला अजिबात टिक करू नका, आधीच एक्सेलॉनमध्ये माहिती कमी, त्यात आपण कशाला आणखी काढायची.

एवढं वाचून झालं की ड्रिल फाईल एकदा नोटपॅडमध्ये उघडाच. ती साधी टेक्स्ट आहे, घाबरण्यासारखं काही नाही. वर एम४८ दिसेल, तिथून हेडर सुरू. मग अर्धविरामाने सुरू होणाऱ्या काही कॉमेंट ओळी, कीकॅड त्यात स्वतःचं व्हर्जन आणि फॉरमॅट लिहितो, मेट्रिक, डेसिमल वगैरे. मग एफएमएटी,२ आणि त्याखाली मेट्रिक. मग टूल: टी१सी०.३०० म्हणजे पहिलं टूल ०.३ मिमी, टी२सी१.००० म्हणजे दुसरं १ मिमी. मग एकट्या टक्के चिन्हाची ओळ, तिथे हेडर संपलं. पुढे जी९०, जी०५, मग टी१ आणि त्याखाली पहिल्या टूलच्या होलचे आकडे ओळीने, आणि अगदी शेवटी एम३०. शेवटी एम३० नसेल तर फाईल अर्धवट आहे, कॉपी करताना किंवा अपलोडमध्ये तुटलीय. मेट्रिक किंवा इंच यातलं काहीच हेडरमध्ये दिसत नसेल तर फॅबवाला चुकला असं म्हणूच नका, त्याला कळणार कुठून.

व्ह्यूअरबद्दल एक सावधगिरी. गर्बव्ही काय, गर्बव्ह्यू काय, हेडर नीट नसेल तर अंदाज करून फाईल दाखवतात आणि बऱ्याचदा तो अंदाज बरोबर निघतो, मग तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. फॅबचं कॅम सॉफ्टवेअर वेगळा अंदाज करू शकतं. म्हणून एका व्ह्यूअरमध्ये जुळलं एवढ्यावर थांबू नका, दोन वेगळ्यांत बघा, आणि त्यातला एक तुमच्या डिझाईन सॉफ्टवेअरपेक्षा वेगळ्या घरचा असू दे.

बाकी सगळं बरोबर, काहीच होल चुकलेत

ड्रिल फाईल जुनी आहे. दहात नऊ वेळा हेच, डोळे झाकून सांगतो. कीकॅडमध्ये प्लॉट आणि ड्रिल ही दोन वेगळी बटणं आहेत. रात्री शेवटच्या क्षणी कनेक्टर दोन मिमी सरकवला, प्लॉट दाबलं, गर्बर नवीन आल्या, ड्रिल दाबायचं राहिलं, आणि फोल्डरमध्ये आधीची ड्रिल फाईल तशीच पडून होती ती झिपमध्ये गेली. जो कनेक्टर हलवला त्याचेच होल चुकीचे, बाकी सगळं जागच्या जागी. दोन्ही फाईलींच्या हेडरमध्ये 'टीएफ.क्रिएशनडेट' असं लिहिलेलं असतं, गर्बरमध्ये आणि कीकॅडच्या ड्रिल फाईलमध्येही कॉमेंट म्हणून. तारीख आणि वेळ जुळवून बघा, लगेच पकडलं जातं. फाईल एक्सप्लोररमधली तारीख बघू नका, ती कॉपी करताना बदलू शकते.

पुन्हा होऊ नये म्हणून एक्स्पोर्ट करण्याआधी आऊटपुट फोल्डर पूर्ण रिकामं करा, म्हणजे राहिलेली फाईल जुनी न जाता निदान गायब तरी असेल आणि फॅब विचारेल. त्याहून चांगलं, कीकॅड ७ पासून कीकॅड-सीएलआय आहे, त्यात गर्बर आणि ड्रिल दोन्ही एका स्क्रिप्टमधून काढता येतात, ओरिजिन वगैरे सगळं स्क्रिप्टमध्ये एकदाच लिहायचं. आणि कीकॅड ९ मध्ये जॉबसेट आलेत, एका क्लिकमध्ये सगळं आऊटपुट निघतं, कमांड लाईन आवडत नसेल तर ते वापरा. ज्यांना महिन्याला दोन-चार बोर्ड टाकायचे असतात त्यांनी हे करायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. तसंच झोन (ग्राउंडसारखे कॉपरने भरलेले भाग) परत भरलेत का तेही बघा, प्लॉट डायलॉगमध्ये 'चेक झोन फिल्स बिफोर प्लॉटिंग' आहे ती चालू ठेवा, नाहीतर व्हाया हलवलेला असतो आणि ग्राउंडचं कॉपर जुन्या जागेप्रमाणेच, मग होल जागेवर असूनही शॉर्ट.

काही होल चुकलेत असं नाही तर दिसतच नाहीयेत, असं असेल तर फाईल राहिलीय. कीकॅड प्लेटेड (आतून कॉपर चढवलेल्या) आणि नॉन-प्लेटेड होलच्या दोन वेगळ्या फाईली काढतो, पीटीएच आणि एनपीटीएच, एकच पाठवली तर स्क्रूचे होल गायब. अल्टियमची ड्रिल फाईल .टीएक्सटी असते आणि 'ही काहीतरी रीडमी असेल' म्हणून लोक तीच झिपमधून काढून टाकतात, स्लॉट (लांबट होल) असतील तर त्यांची अजून एक वेगळी .टीएक्सटी. ईगल या डिझाईन सॉफ्टवेअरच्या जुन्या कॅम जॉबमध्ये .डीआरडी ही खरी ड्रिल फाईल आणि .डीआरआय नुसती माहितीची, पाठवतात नेमकी दुसरी. ईगलसाठी ऑटोडेस्कने ७ जून २०२६ ही शेवटची तारीख जाहीर केली होती, जुने प्रोजेक्ट त्यात पडले असतील तर कीकॅडमध्ये इम्पोर्ट करून ठेवा.

स्लॉट हा वेगळा त्रास. डीसी जॅक, यूएसबी कनेक्टरचे कानवाले पाय, त्यांना लांबट होल लागतात. कीकॅडमध्ये ओव्हल होलसाठी दोन पर्याय आहेत, राऊट कमांड, जो रेकमेंडेड आहे, आणि दुसरा अल्टरनेट ड्रिल मोड, ज्यात जी८५ वापरलं जातं. बहुतेकांना पहिला चालतो, पण काही जुन्या मशीनवाले जी८५ मागतात. स्लॉटच्या जागी दोन टोकांना दोन गोल होल किंवा एकच होल आलाय असं बोर्डावर दिसलं तर फॅबला हाच प्रश्न विचारा की कुठलं वाचता. आणि स्लॉट सिल्कवर किंवा युजर लेअरवर रेघ काढून 'इथे कापा' असं लिहून पाठवू नका, ते कुणीही वाचत नाही.

आरशात बघितल्यासारखे

यात फार काही नाही. गर्बरमध्ये कुठलीच लेअर उलटी करायची नसते, सगळ्या वरून आरपार बघितल्यासारख्या जातात, त्यामुळे खालच्या सिल्कवरची अक्षरं व्ह्यूअरमध्ये उलटी दिसली पाहिजेत, ती सुलट दिसली तर गडबड आहे. घरी टोनर ट्रान्स्फरने इस्त्री करून फेरिक क्लोराईडमध्ये बोर्ड बनवलेल्यांना वरची लेअर उलटी छापायची सवय असते आणि ते मिररची टिक तशीच ठेवून गर्बर काढतात. ड्रिल डायलॉगमध्येही वाय ॲक्सिस मिरर करायची वेगळी टिक आहे, ती काढून टाका.

फाईल बरोबर आहे, पण आलेल्या बोर्डावर होल थोडे सरकलेत

इथे मात्र फाईल सोडून द्या आणि बोर्डाकडे भिंगातून बघा. सगळे होल एकाच दिशेला सारखेच सरकलेत तर फॅबचं रजिस्ट्रेशन (ड्रिल आणि कॉपरचं चित्र एकमेकांवर नेमकं बसवणं) चुकलंय. एका कोपऱ्यात बरोबर आणि समोरच्या कोपऱ्याकडे जाताना फरक वाढत गेलाय तर कॉपरचं चित्र आणि ड्रिल यांची मापं किंचित वेगळी झालीत. जिथे अजून फिल्म वापरतात तिथे हे होऊ शकतं, पॉलिएस्टरची फिल्म तापमान आणि दमटपणाने थोडी लांबते-आखडते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात एसी आणि आर्द्रता सांभाळली नाही तर मोठ्या बोर्डावर ते जाणवतं. लेझरने थेट एक्स्पोज करणाऱ्या फॅबमध्ये फिल्मच नसते त्यामुळे हा भाग नाही. प्रत्येक होल वेगवेगळ्या दिशेला थोडा हललाय तर ड्रिल बिट भरकटतोय, किंवा मग फाईलमध्ये आकडे गोल झालेत, इंच २:३ फॉरमॅटमध्ये सगळ्यात छोटी पायरीच १ मिल, म्हणजे ०.०२५४ मिमी, ०.५ मिमी पिचच्या पार्टला ते भरड पडतं.

थोडं सरकणं कुठल्याही फॅबमध्ये असणारच, आपण पॅडला किती जागा ठेवलीय यावर सगळं आहे. ०.६ मिमीचा व्हाया आणि ०.३ चा होल म्हणजे कडेला रिंग ०.१५ मिमी. होलमध्ये आत कॉपर चढतं त्याची जागा धरून फॅब मुळात ०.१ मिमीच्या आसपास मोठं बिट वापरतो, मग रिंग उरली ०.१. आता ड्रिल ०.१ सरकलं की होल पॅडच्या काठाला. आयपीसी या संस्थेच्या बोर्डाच्या नियमांतल्या क्लास २ मध्ये तर होलच्या गोलाईचा ९० अंशांपर्यंतचा भाग पॅडबाहेर गेलेला चालतो, म्हणजे तुम्ही भांडायला गेलात तरी बोर्ड नियमात बसू शकतो. जागा असेल तिथे व्हाया ०.८ ला ०.४ असा ठेवा, छोट्या फॅबकडे टाकणार असाल तर नक्कीच, आणि बारीक ट्रॅकना (कॉपरच्या रेघांना) टिअरड्रॉप (पॅडजवळ थेंबासारखं जादा कॉपर) लावा, कीकॅड ७ पासून ते आतच आहे. ट्रॅक जिथे पॅडला मिळतो नेमका तिथेच होल बाहेर गेला तर कनेक्शन तुटतं, टिअरड्रॉपने तेवढं वाचतं.

परत पाठवताना

सुधारलेली एकटी ड्रिल फाईल मेलला जोडून पाठवू नका, पूर्ण झिप नवीन रिव्हिजनच्या नावाने पाठवा आणि मेलमध्ये स्पष्ट लिहा की आधीची झिप रद्द समजा. फॅबकडे एकाच बोर्डाच्या दोन झिप असल्या आणि कुठली घ्यायची हे लिहिलेलं नसलं की शिफ्ट बदलल्यावर दुसरा ऑपरेटर जुनी उचलतो. झिपमध्ये आयपीसी-डी-३५६ नेटलिस्ट (कुठला पॅड कुठल्याला जोडलाय त्याची यादी) पण टाका, कीकॅडमधून एक्स्पोर्ट होते, फॅब ती गर्बर आणि ड्रिलशी ताडून बघू शकतो, होल एक पिन सरकला असेल तर तिथे शॉर्ट-ओपन दिसून येतं, बोर्ड बनायच्या आधीच. सगळे फॅब हे करतात असं नाही, आणि काही जण वेगळे पैसे घेतात, ऑर्डर देतानाच विचारून घ्या.

आणि मेलमध्ये खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका होलचा आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या एका होलचा एक्स-वाय मिमीमध्ये लिहा, साईजसकट, आणि त्याच दोन होलचा स्क्रीनशॉट जोडा ज्यात कॉपर आणि ड्रिल एकत्र दिसतंय. कॅमवाल्याने त्याच्याकडे फाईल लोड केली की हे दोन होल बघायला त्याला मिनिटही लागत नाही, दोन्ही जुळले तर ओरिजिन, युनिट, शून्यं, मिरर सगळं एकदमच तपासून झालं, नाही जुळले तर तो प्रॉडक्शनला टाकायच्या आधी तुम्हाला फोन करेल.